समाजशास्त्र शिकवायला नवीन टेक्नॉलॉजी सुचवा, शुक्रवारच्या आत (मदत हवी आहे)

फळापुसणी
शुक्रवारी आमच्या केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद आमच्या शाळेत आहे आणि समाजशास्त्राचा नमुना पाठ माझ्या गळ्यात पडलाय. वरून फर्मान, "नवीन तंत्रज्ञान दाखवा, पीपीटी नको." तंत्रस्नेही शिक्षकांचे पाच ग्रुप पालथे घातले. सुप्रभात आणि त्याच त्या पीडीएफ! कुणी काही वेगळं केलं असेल तर पटकन सांगा. सरकारी दीक्षा ॲप सोडून.

घाटवाट
इयत्ता? इतिहास की भूगोल? मुलं किती? नेट आहे का?

शुद्धमती
समाजशास्त्र म्हणजे सोशिऑलॉजी. शाळेत असतात ती सामाजिक शास्त्रे. संपादकांना सांगून शीर्षक दुरुस्त करून घ्या.

फळापुसणी
शुद्धमती, शुक्रवारनंतर नक्की. सातवी, २३ मुलं. टीव्ही आहे.

तंत्रवेडा
सोप्पंय. गूगल एक्सपेडिशन्स! पुठ्ठ्याचे चष्मे मागवा, पोरं बसल्या जागी माचू पिक्चूला.

घाटवाट
ते जून २०२१ मध्येच बंद झालं हो.

तंत्रवेडा
मग मिस्टरी स्काईप. दोन शाळा, एकमेकींचं गाव ठाऊक नाही. फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारत नकाशावर शोधायचं. "तुमच्याकडे समुद्र आहे का? तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला का?"

पाटीपेन्सिल
खेळ झकास आहे, पण स्काईपच मे २०२५ मध्ये मिटलं. आता गूगल मीटवर करावं लागेल. तंत्रवेडासाहेब, तुम्ही सुचवाल ते बंद पडतं, आमच्या शाळेचं नाव तेवढं घेऊ नका.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा घेते. आमची १४ मुलं खेळायला एका पायावर तयार! किती वाजता?

फळापुसणी
शुक्रवारी सकाळी ११.

हडसनकाठ
म्हणजे आमच्याकडे रात्रीचा दीड. आईबाप मला फाडून खातील.

घाटवाट
नेट आहे का, हे दुसऱ्यांदा विचारतोय.

फळापुसणी
माझ्या मोबाईलचं. तेही पारापाशी गेलं तर. वर्गात एक काडी येते-जाते.

घाटवाट
हे आधी सांगायचं ना, ताई! निम्मा धागा वाचला असता. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आहेत, इतिहासात प्रतापगड. दोन्ही एकत्र घ्या. घरी बसून गूगल अर्थवर प्रतापगड काढा, दोन बोटांनी पडदा तिरपा करा, जावळीचं खोरं नि रडतोंडीचा घाट फिरवत स्क्रीन रेकॉर्ड करा आणि पेनड्राइव्हवर घ्या. वर्गात नेट लागणारच नाही. "१० नोव्हेंबर १६५९ ला भेट इथेच का ठरली?" हे पोरांनीच उतार बघून सांगायचं. आणि टीव्हीसमोर टपात एक दगड ठेवा. दोन-दोन सेंटिमीटर पाणी वाढवायचं, दरवेळी पाणी टेकेल तिथे दगडाभोवती रेघ मारायची. मग पाणी काढून टाकून बरोब्बर वरून फोटो. झाला समोच्च रेषांचा नकाशा.

निवृत्तगुरुजी
यात टेक्नॉलॉजी कसली? आम्ही बटाट्याच्या चकत्या कापून हेच शिकवायचो. ३४ वर्षं.

तंत्रवेडा
+१. साहेबांना टप दाखवणार?

घाटवाट
तुम्ही गप्प बसा. टपात पाहिलेलं पोरं तिरप्या पडद्यावर ओळखतात, टीव्हीचं काम तिथे.

दिवाळीकिल्ला
दगडापेक्षा मुलांनी केलेला मातीचा किल्ला घ्या, आपुलकी वाटते.

पाटीपेन्सिल
तिसऱ्या लोट्याला किल्ल्याचा चिखल होईल!
बाकी शेवटी प्रश्नोत्तरांना प्लिकर्स ॲप घ्या. प्रत्येकाला छापील कार्ड, उत्तराप्रमाणे फिरवून धरायचं, तुम्ही एका मोबाईलने वर्ग स्कॅन करायचा. मुलांकडे फोन नको. तुमच्या फोनला मात्र नेट हवं, तेव्हा ती एक काडी त्यासाठी राखून ठेवा.

सबस्क्राइबकरा
ताई, यूट्यूब चॅनल काढा. थंबनेल कसं करायचं ते मी सांगतो.

निवृत्तगुरुजी
अवांतर: हल्ली गुरुजींना मतदारयाद्यांतून सवड मिळाली तर शिकवतील ना. आमच्या वेळी...

पाटीपेन्सिल
गुरुजी, त्यावर वेगळा धागा काढा. २०० प्रतिसाद माझी गॅरंटी.

फळापुसणी
काल रात्री मोरीत करून पाहिलं. खडूची रेघ पाण्याने पुसली, तेलखडू ओल्या दगडावर उमटेना. शेवटी मुलीची नेलपॉलिश! पाण्याच्या अगदी वरच्या कोरड्या कडेला लावली, फूंक मारून वाळवली आणि मगच पुढचं पाणी. पाच रेघा झाल्या. दगडाच्या एका अंगाला त्या अगदी खेटून आल्या, दुसऱ्या अंगाला दोन-दोन बोटं लांब. मुलगी फोटो बघून म्हणाली, "आई, खान इकडून आला असता तर बरं झालं असतं त्याला."
प्लिकर्सची कार्डं छापायला तालुक्याला माणूस पाठवलाय.
शुक्रवारी लाईट नसते हो आमच्याकडे दुपारपर्यंत कधीकधी. त्याचं काय करू?

तंत्रवेडा
सोलर इन्व्हर्टर!

घाटवाट
टप आधी घ्या, टीव्ही मागून.

शुद्धमती
'फूंक' नव्हे, 'फुंकर'.