आयर्लंडच्या बरेन या खडकाळ प्रदेशातले अवशेष आणि मोहरचे कडे एका दिवसात होतील का?

प्रश्न: मे महिन्यात क्लेअर परगण्यात एकच दिवस आहे, गाडी भाड्याची. लेमनेह किल्ला, पोलनाब्रोन (प्राचीन दगडी थडगं) आणि मोहरचे समुद्रकाठचे कडे, क्रम कसा लावू?

उत्तर १: सकाळी लेमनेह. किल्ला खाजगी जमिनीवर आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघा. उजवीकडचा अरुंद खिडक्यांचा बुरूज १५व्या शतकाच्या अखेरचा, त्याला चिकटलेला मोठ्या खिडक्यांचा वाडा १७व्या शतकातला. दहा मिनिटं पुरे. तिथूनच आर४८० रस्ता धरून पोलनाब्रोन. वाहनतळ आहे, तिकीट नाही. कडे शेवटी: ते पश्चिमेला तोंड करून आहेत, ऊन दुपारनंतर येतं.

उत्तर २: बूट घोट्यापर्यंतचे घ्या. बरेनचा कातळ चुनखडीचा, पावसाच्या पाण्याने विरघळून त्यात उभ्या चिरा पडल्यात. गवताने झाकलेली चीर दिसत नाही आणि पाय मुरगळतो. मात्र कातळामधल्या आखूड गवतात वाकून बघा, मे महिन्यात निळी जेन्शियन फुललेली असते. सुटे दगड रचून मनोरे करू नका, कातळाची नासधूस होते.

उत्तर ३: कड्यांची उंची २१४ मीटरपर्यंत. कुंपणापलीकडे जाऊ नका, कडा खालून पोखरलेला असू शकतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा. आणि हो, गाडी डावीकडूनच चालते, आपल्यासारखी. त्रास अरुंद रस्त्यांचा. लहान गाडीच घ्या.

प्रश्नकर्ता: मग लेमनेहपासूनच सुरुवात. धन्यवाद!