विषय: सासूबाईंसाठी कॉम्प्युटर – ऑल-इन-वन की सुटा?

मेघना (एडिसन, न्यू जर्सी):

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे पुढच्या महिन्यात सहा महिन्यांसाठी येताहेत. बाबांना उठल्या उठल्या ई-पेपर लागतो, तोही मोठ्या अक्षरात. आईंना यूट्यूबवर कीर्तन आणि रोज रात्री नाशिकच्या लेकीशी व्हिडिओ कॉल. घरातला ऑल-इन-वन (स्क्रीनच्या आतच कॉम्प्युटर असलेला) विंडोज १० वर अडकलाय, ११ टाकायला गेलं की ‘हा पीसी चालणार नाही’ म्हणतो. स्क्रीन मात्र अजून लख्ख आहे, टाकवत नाही. दुकानात नवा ऑल-इन-वन पाहिला, एकच वायर, सुटसुटीत. आमचे हे म्हणतात, सुटा घे, म्हणजे स्क्रीन वेगळी, कॉम्प्युटर वेगळा, पुढे वाढवता येतो. घरात एकमत व्हायची चिन्हं नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

श्रीरंग:

मेघनाताई,

आधी घाई करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळू शकतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. ११ अडतंय ते बहुधा प्रोसेसरवर. इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. तुमचा कुठला आहे?

आता मूळ प्रश्न. ऑल-इन-वनवर माझा राग एकाच कारणासाठी आहे. चांगली स्क्रीन दहा वर्षं सहज काढते, आतला कॉम्प्युटर त्याच्या कितीतरी आधी थकतो, आणि दोघांची लग्नगाठ कारखान्यातच बांधलेली. तुमच्या मशीनच्या पाठीमागे एचडीएमआयचं (स्क्रीनच्या केबलचं) भोक असेल, त्याच्याजवळ ‘इन’ लिहिलंय का बघा. ‘इन’ असेल तर ती स्क्रीन दुसऱ्या कॉम्प्युटरला मॉनिटर म्हणून लावता येईल. बहुतेकांना नुसतं ‘आउट’ असतं. ॲपलवाल्यांनीही फार खूश होऊ नये. आयमॅक हा त्यांचा ऑल-इन-वन; २०१४ पासूनच्या ५के आयमॅकची स्क्रीन इतकी देखणी, पण तिला मॉनिटर म्हणून वापरायची सोय ॲपलने दिलेलीच नाही. रॅमचंही (कामाच्या मेमरीचंही) तेच. २७ इंची आयमॅकला २०२० पर्यंत पाठीमागे एक छोटं दार होतं, उघडायचं आणि रॅमच्या कांड्या बसवायच्या. २०२१ पासूनच्या २४ इंचीत मेमरी चिपसोबतच येते. घेताना जेवढी घेतली तेवढीच, जन्मभर.

याचा अर्थ टेबलाखाली भलामोठा सीपीयू ठेवा असा नाही. ई-पेपर आणि कीर्तनाला तो कशाला? ऑफिसांतून भाड्याची मुदत संपून बाहेर पडणारे छोटे डबे बघा: लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी. जाडजूड पुस्तकाएवढा आकार. बऱ्याच मॉनिटरच्या पाठीला स्क्रूची चार भोकं असतात, तिथे पट्टी लावून डबा मागे टांगला की समोरून ऑल-इन-वनच दिसतो. एक मात्र नक्की बघा: ऑफिसातल्या बऱ्याच डब्यांत वायफायचं कार्डच नसतं, कारण तिथे सगळं केबलवर चालतं. विक्रेत्याला आधी विचारा.

उल्कामावशी:

श्रीरंग, तुझं सगळं बरोबर असेल, पण हे तू तुझ्यासाठी घेतोयस की मेघनाच्या सासूसाठी? ‘पुढे वाढवता येतो’ म्हणे. या ई-मेल यादीवरच्या किती जणांनी आजवर स्वतःच्या हाताने रॅम वाढवलीये, हात वर करा बघू.

माझ्याकडे ऑल-इन-वन आहे. कॅमेरा, माइक, स्पीकर, सगळं एका चौकटीत. लेकाकडे सुटा आहे. तिथे झूम लावलं की आवाज मॉनिटरमधून, माइक कॅमेऱ्यातला, मध्येच कोणाचा तरी ब्लूटूथ हेडफोन सगळं ओढून घेतो, आणि पलीकडून एकच घोष: ‘आजी, ऐकू येत नाहीये.’ माइकच्या चित्राशेजारच्या बारक्या बाणावर टिचकी मारून माइक निवडायचा असतो, हे तुम्ही दोघं ऑफिसात असताना सासूबाईंना कोण सांगणार?

ता. क. गणपतीत हॉल रिकामा करताना माझा मी एकटी उचलून आत नेते.

श्रीरंग:

मावशी, माइकचं शंभर टक्के मान्य. त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा-माइक-स्पीकर आतच असलेला मॉनिटर. थोडा महाग पडतो, पण मिळतो. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये बाकीचे माइक बंद करून टाकायचे, म्हणजे झूमला निवडायला दुसरं काही उरत नाही.

‘नंतर वाढवू’बद्दल तुमच्याच बाजूने आणखी एक मुद्दा देतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारखाने एआय सर्व्हरच्या मेमरीमागे लागलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रूशल’ ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा आज ८ जीबी घेऊ आणि स्वस्त झाली की भर घालू, हा हिशेब सध्या जुळत नाही. १६ चाच घ्या.

पण मेघनाताई, जुन्या ऑल-इन-वनमध्ये बहुधा लॅपटॉपवालीच रॅम असते. कांडीचा स्टिकर वाचा. ‘पीसी४’ दिसलं तर ती डीडीआर४, आठवी ते दहावी पिढीच्या या डब्यांत बसेल. ‘पीसी३एल’ असेल तर सोडून द्या. तिची खाच वेगळ्या जागी असते, दाबून बसवायला जाऊ नका.

मेघना:

प्रोसेसर आय५-७४००टी. सातवी पिढी, एकाच पिढीने हुकला! एचडीएमआय ‘आउट’ निघालं. रॅमवर पीसी४ आहे, दोन कांड्या.

तर दहाव्या पिढीचा डबा आणि कॅमेऱ्याचा मॉनिटर घेतेय. ॲडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलंय ना, तेही विचारलं, कारण बाबा आत्तापासूनच म्हणताहेत की जाताना डबा नाशिकला नेणार. मॉनिटर त्यांना तिकडे मिळेल. हे ऑल-इन-वनच्या बाबतीत जमलं नसतं, बॅगेत कोण घालणार?

आता जुना. न्यू जर्सीत २०११ पासून कॉम्प्युटर, मॉनिटर, टीव्ही घरच्या कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे, म्हणजे काउंटीच्या केंद्रावर न्यावा लागेल. त्याआधी विचारते: लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकून आपल्या मराठी शाळेत ठेवायचा का? मुलांना देवनागरी टायपिंगला उपयोगी पडेल. रॅमची एक कांडी मी काढून घेणार, एक आत राहील. कीबोर्ड-माउस मात्र मिळणार नाही.

उल्कामावशी:

शाळेला घ्या की. माउस मी देते. श्रीरंग, रविवारी मेघनाच्या गाडीतून उचलून आत आणायचं काम तुझं, आणि मिंटमध्ये माइक चालतो का ते मुलं यायच्या आत बघून ठेव.