मदत हवी आहे: काशाचा ठिसूळपणा आणि 'इलेक्ट्रॉनचा सागर'

नमस्कार. धातुबंध शिकवताना धन आयनांची जाळी आणि तिच्यातून मोकळेपणी फिरणारा इलेक्ट्रॉनचा सागर असे जे चित्र काढतात, त्यावरून तांब्याचा पत्रा ठोकून हवा तसा वाकवता का येतो हे पटते. अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी सागर त्यांना धरून ठेवतो. काशापाशी मात्र हे चित्र अडते. तांबे मऊ, कथील त्याहून मऊ; तरीही तांब्यात साधारण २२ टक्के कथील घालून ओतलेला आणि सावकाश निवू दिलेला तुकडा हातोड्याच्या घावाने फुटतो.

कथिलाच्या मोठ्या अणूंमुळे जाळी ताणली जाते आणि थर सरकायला अडथळा होतो, हे पुस्तकी उत्तर मला ठाऊक आहे. पण त्याने कडकपणा उलगडतो, ठिसूळपणा नाही. वाचनातून एवढे कळले की दोष 'डेल्टा' नावाच्या प्रावस्थेचा (मिश्रधातूत वेगळी ठरावीक अणुरचना असलेल्या भागाचा) आहे. काशाच्या वाट्या घडवणारे कारागीर धातू लाल तापवून ठोकतात आणि शेवटी पाण्यात विझवतात, त्यामुळे डेल्टा तयार व्हायला वेळच मिळत नाही. (पोलादाला पाणी पाजले की ते ठिसूळ होते, इथे नेमके उलटे.)

जुन्या सूत्रानुसार डेल्टामध्ये ३१ अणू तांब्याचे आणि ८ कथिलाचे. तांब्याचा १ आणि कथिलाचे ४ संयुजा इलेक्ट्रॉन धरले, तर ३९ अणूंमागे ६३, म्हणजेच १३ मागे २१. पितळेतील तशाच ठिसूळ गॅमा प्रावस्थेत ५ अणू तांब्याचे आणि ८ जस्ताचे. तिथेही १३ मागे २१!

सागर जर सगळीकडे सारखाच असेल, तर त्याला हे प्रमाण इतके काटेकोर का लागते? फर्मी पृष्ठभाग (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांची बाहेरची सीमा) ब्रिल्वाँ झोनच्या (जाळीच्या आवर्ती रचनेने संवेगाच्या अवकाशात आखलेल्या क्षेत्राच्या) कडांना भिडल्यामुळे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी होते, हे भौतिकशास्त्रज्ञ जोन्स यांचे १९३४ मधील स्पष्टीकरण मला ढोबळमानाने समजले आहे, परंतु त्यातून स्थैर्य कळते, ठिसूळपणा कसा निघतो ते कळत नाही. गॅमा पितळेच्या जाळीच्या एका एककात (पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान ठोकळ्यात) ५२ अणू असतात आणि तांब्याच्या एककात अवघे ४; तेव्हा सहज सरकेल असा थरच उरत नाही एवढेच कारण आहे, की या प्रावस्थांत बंध काही अंशी सहसंयुज होतो? प्रावस्था आकृती मला वाचता येते, क्वांटम यांत्रिकी मात्र पदवीच्या पहिल्या वर्षापुरतेच येते; त्या बेताने कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.