मदत हवी आहे: भयपटाचे सगळे नियम पाठ असलेल्यांना घाबरवायचं कसं? (नागपूर)

गच्चीवाला:
मे महिन्यात मनीषनगरला गच्चीवर आठ-नऊ जणांसाठी भयपटांची रात्र ठेवायची आहे. सगळे मुरलेले. आरशात मागे कोण दिसणार, गाडी कधी सुरू होणार नाही, हे आधीच बोलून मोकळे होतात. म्हणून स्वतःच्याच नियमांवर बोलणारे सिनेमे घेतोय: 'स्क्रीम' (1996) आणि 'वन कट ऑफ द डेड' (2017). पण त्यांना हसायचं नाही, खरंच टरकायचं आहे. क्रम काय ठेवू? सामान: छोटा प्रोजेक्टर, पांढरी चादर, ब्लूटूथ स्पीकर, कूलर.

रीळवेडा:
'वन कट' काढा. पहिली 37 मिनिटं सलग एकच शॉट, पण पुढे हशाच हशा. सिनेमा फार गोड आहे, या रात्रीचा नाही.

'स्क्रीम' आधी. नियम माहीत असूनही त्यातला सुरुवातीचा फोनचा प्रसंग घाम फोडतो, कारण पोस्टरवरचा सगळ्यात ओळखीचा चेहरा, ड्र्यू बॅरीमोर, तिथेच मारला जातो. 'ही तर शेवटपर्यंत टिकणार' हा भरवसाच काढून घेतलाय.

त्यानंतर 'लपाछपी' (2017). 'स्क्रीम' पाहून मंडळी नियम मोजायच्या नादात असतात. इथे उसाचा फड आणि ढळढळीत उजेड, त्यामुळे अंधाराची वाट पाहणारा गाफील सापडतो. विषय गरोदर बाईचा आहे, पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

कानसेन:
सिनेमा बरोबर निवडला तरी मांडणीत मार खाल. मेमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, पण आभाळ काळं व्हायला आठ वाजतात. सव्वाआठच्या आत सुरू करू नका. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो, काळा रंग राखाडी दिसतो. दुहेरी घ्या, मागे गडद कापड लावा, खालच्या काठाला वजन बांधा.

ब्लूटूथ नकोच. आवाज चित्राच्या मागून येतो आणि दचका फुकट जातो. वायर जोडा. टीव्ही किंवा साउंडबारवर 'नाइट मोड' असेल तर बंद करा. तो कुजबुज वर आणतो, दचकवणारा मोठा ठोका खाली दाबतो, आणि दोन्हीतला फरकच तर हवा असतो.

कूलर सगळ्यात वाईट. भीती बारीक आवाजात साचते: कडी, श्वास, पाचोळा. एकसारखी घरघर नेमकं तेच गिळते. मग तुम्ही आवाज वाढवता, ठोका कानठळ्या बसवतो, आणि लोकांना भीतीऐवजी चीड येते. साडेसहाला स्लॅबवर पाणी मारा, तासाभराने पुन्हा. कूलर प्रेक्षकांच्या मागे दहा फुटांवर, सगळ्यात कमी वेगावर.

रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर नको, शेजारी झोपतात. दुसरा सिनेमा खाली हॉलमध्ये. हॉल आधी तासभर थंड करून घ्या आणि सिनेमा सुरू झाला की कूलर बंद.

गच्चीवाला:
वायर आजच आणतो. 'होस्ट' (2020) हॉलमध्ये चालेल का?

रीळवेडा:
प्रोजेक्टरवर नको. तो 57 मिनिटांचा, अख्खा व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर घडतो. दोघादोघांना एक लॅपटॉप, हेडफोन, आणि खोलीतला दिवा बंद.