ब्रसेल्सची आर्थिक-सामाजिक समिती: सल्ला मागायचाच, ऐकायचा नाही?

तळटीप (धागाकर्ता)

युरोपीय आर्थिक व सामाजिक समिती, म्हणजे युरोपीय संघाची सल्लागार संस्था, १९५७च्या रोम करारातून जन्माला आली. आज ३२९ सदस्य, तीन गट: मालक, कामगार आणि उरलेले सगळे, म्हणजे शेतकरी, ग्राहक, पर्यावरणवाले, अपंगांच्या संघटना वगैरे. नावं सदस्य देशांची सरकारं सुचवतात आणि संघाची मंत्रिपरिषद (सदस्य देशांच्या मंत्र्यांचं मंडळ) पाच वर्षांसाठी नेमणूक करते. ठरावीक विषयांवर या समितीचं मत मागवलंच पाहिजे, असं करारात लिहिलंय. मागवल्यावर ते मानलंच पाहिजे असं मात्र कुठेही नाही. उलट कलम ३०४ नुसार मुदत घालून देता येते, किमान एक महिन्याची. तेवढ्यात मत आलं नाही तर त्याच्याविना गाडी पुढे.

माझं म्हणणं सरळ आहे. समिती गुंडाळा आणि सगळं बळ युरोपीय नागरिक पुढाकाराला द्या, म्हणजे सह्या गोळा करून युरोपीय आयोगाकडे (संघात कायद्यांचे प्रस्ताव मांडणारी संस्था) कायदा मागायच्या सोयीला. तिथे निदान दहा लाख माणसं स्वतः सही करतात. सरकारने सुचवलेले लोक सरकारला सल्ला देणार, हा कसला नागरी समाज?

पाणवठा

असहमत. मत कसं तयार होतं ते आधी बघा. प्रस्ताव आला की तो विषयाप्रमाणे एका विभागाकडे जातो. विभाग छोटा अभ्यासगट नेमतो, त्यात तिन्ही गटांचे लोक. एकजण प्रतिवेदक, तो मसुदा लिहितो. मग विभागात मतदान, पुन्हा पूर्ण बैठकीत दुरुस्त्यांसह मतदान, आणि शेवटी २४ भाषांत अधिकृत राजपत्रात छपाई.

यात एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. फेटाळलेल्या दुरुस्तीला एक चतुर्थांश मतं मिळाली असतील तर ती मताच्या शेवटी जोडावी लागते. म्हणजे वाचणाऱ्याला नेमकं कळतं की मालक आणि कामगार कोणत्या परिच्छेदावर फुटले. परिषदेत वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्याला हा आयता नकाशा मिळतो. दहा लाख सह्यांतून असं काही कळत नाही, तिथे फक्त 'हो' असतं.

मेख आहे ती वेळेत. आयोगाचा प्रस्ताव बाहेर पडल्यावर मागवलेलं मत बहुतेकदा वरातीमागून घोडं. तोवर परिषदेच्या कार्यगटात कलमवार घासाघीस सुरू झालेली असते. म्हणून समितीची खरी कामाची मतं दोन: प्रस्तावाआधी आयोगाने किंवा परिषदेच्या फिरत्या अध्यक्षपदावरच्या देशाने मागितलेलं अन्वेषक मत, आणि तिने आपणहून दिलेलं मत. उदाहरण ऑक्टोबर २०१३चं. वस्तू मुद्दाम लवकर बिघडाव्यात अशी रचना थांबवा, वस्तू किती टिकेल ते ग्राहकाला कळू द्या, असं समितीने आपणहून सांगितलं. तेव्हा आयोगाच्या टेबलावर असा कायदा नव्हता. २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय कायदा) आला: वॉशिंग मशीन, फ्रीज, फोन अशा यादीतल्या वस्तू हमीची मुदत संपल्यावरही उत्पादकाने दुरुस्त करून द्यायच्या. हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी आणखी १२ महिने वाढते.

खडूफळा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, इतकंच. २०१३ ते २०२४, अकरा वर्षं! मधल्या काळात फ्रान्सने २०१५ मध्ये मुद्दाम आयुष्य घटवणं हा गुन्हा ठरवला: दोन वर्षं कैद, तीन लाख युरो दंड. ग्राहक संघटना आणि दुरुस्तीवाल्यांच्या चळवळीने रान उठवलं. त्यात समितीचा वाटा किती, हे मोजणार कसं?

पाणवठा

@खडूफळा, मोजता येत नाही हे मान्य. पण कोणाचं श्रेय हा वाद बाजूला ठेवा. आयोगाच्या मसुदाकाराला मालक-कामगार दोघांनी मान्य केलेला मजकूर आधीच तयार मिळतो, एवढंच मी म्हणतोय.

उंबरठा

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे कुणी वळलंच नाही. नागरिक पुढाकार म्हणजे जनतेचा उत्स्फूर्त आवाज, हा भ्रम आहे. नियम बघा: १२ महिन्यांत दहा लाख सह्या, किमान सात देशांत त्या त्या देशाचा किमान आकडा पार, आणि देशागणिक फॉर्म वेगळा. कुठे पत्ता आणि जन्मतारीख, तर कुठे ओळखपत्राचा क्रमांक. पडताळणीत सह्या बाद होतातच, म्हणून दहा लाखांवर थांबणारा बुडतो. हे सगळं घरबसल्या होत नाही, कार्यालयं आणि पगारी माणसं लागतात.

पहिला यशस्वी पुढाकार पाण्याच्या हक्काचा, २०१२-१३. वैध सह्या १६ लाखांवर, पण त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश एकट्या जर्मनीतल्या. मागे उभी होती सार्वजनिक सेवांतल्या कामगार संघटनांची युरोपीय महासंघटना. म्हणजे तोच 'संघटित' समाज, फक्त दार दुसरं. फळही मधल्याच वाटेने मिळालं: सवलत-करारांच्या (सार्वजनिक सेवा चालवायला कंपन्यांना देण्याच्या करारांच्या) निर्देशातून पाणी वगळलं गेलं, आणि पिण्याच्या पाण्याचा सुधारित निर्देश आला तो २०२०च्या शेवटी.

बंधनकारक म्हणाल तर पुढाकारही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं: सह्या पूर्ण झाल्या तरी कायद्याचा प्रस्ताव मांडायची सक्ती आयोगावर नाही, फक्त कारणं द्यायची. पिंजऱ्यातल्या प्राण्यांबद्दल तर १४ लाखांच्या आसपास सह्यांनंतर आयोगाने स्वतःच २०२३ अखेरपर्यंत प्रस्तावाचा शब्द दिला होता. ती मुदत तशीच उलटली.

तळटीप (धागाकर्ता)

@उंबरठा, ग्लायफोसेट या तणनाशकाविरुद्धच्या पुढाकाराचं काय मग? बंदीची मागणी २०१७ मध्ये फेटाळली, मान्य. पण त्याच पुढाकाराने कंपन्यांच्या अभ्यासांवरचा पडदा उघडला. २०१९चा पारदर्शकतेचा नियम मार्च २०२१ पासून लागू आहे: मंजुरीसाठी दिलेले सुरक्षा-अभ्यास युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण आपणहून प्रसिद्ध करतं, आणि अभ्यास सुरू करतानाच नोंद करावी लागते, म्हणजे नको तो निकाल दडवता येत नाही. अन्नात उरणाऱ्या फवारणीच्या अंशांच्या मर्यादांसाठीचे अर्जही यात येतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे ज्यांची द्राक्षं युरोपात अडकली, त्या नाशिककरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. हे समितीच्या कुठल्या मताने झालं?

उंबरठा

बंदी मागितली आणि कागदपत्रं मिळाली. चांगली मिळाली, पण मागितलेली नव्हे. (जरा चुकलो: त्या पुढाकारात तीन मागण्या होत्या आणि मंजुरीची पद्धत बदला ही त्यातली एक. तेवढं तुमच्या खात्यावर.)

खडूफळा

पैशाचं कुणी बोलणार आहे का? एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांचा अहवाल आला. २०२१ ते २०२३ या काळात अंतर्गत धोरणांखाली बिगर-सरकारी संस्थांना ७४० कोटी युरो दिले गेले आणि या निधीचं चित्र धूसर आहे, असं त्यांनी म्हटलं. गंमत बघा, ज्या संशोधन संस्थेच्या नियामक मंडळावर फक्त सरकारी प्रतिनिधी होते, तिचीही नोंद 'बिगर-सरकारी' म्हणून होती! आयोगाच्याच पैशावर आयोगाला सल्ला देणाऱ्याला स्वतंत्र कसं म्हणायचं?

पाणवठा

नोंदणीतला घोळ खरा आहे आणि तो सुधारायलाच हवा. पण अनुदान तोडलं तर खोलीत उरतं कोण? रसायन उद्योगाच्या महासंघाला कार्यालय चालवायला अनुदान लागत नाही, सभासद कंपन्यांची वर्गणी पुरते. नदीकाठच्या बेडकांची वर्गणी कुणी भरायची?

खडूफळा

बेडकांच्या नावाने पगार घेणाऱ्यांनी निदान कराराची प्रत वेबसाइटवर टाकावी, कामाच्या आराखड्यासकट. एवढीच मागणी आहे.

पाणवठा

ती मान्य. उद्योग महासंघांच्या सल्लागारांचे करारही त्याच दिवशी टाकू या.