युनिफॉर्म शिवायची मशीन बंद पडली, विक्रेता म्हणतो "तुम्ही ग्राहकच नाही"

सुईदोरा_अशोकचौक
नमस्कार. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. जानेवारीत एका ॲपवरून सर्व्हो मोटरची शिलाई मशीन मागवली, ३१,५०० रुपये. ऐन सीझनच्या तोंडावर मोटर गेली. चालू केली की एरर दाखवून थांबते. वॉरंटी एक वर्षाची आहे. विक्रेता सुरतचा. म्हणतो, बिल फर्मच्या नावावर आहे, वापर धंद्याचा आहे, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही, काय करायचं ते सुरतच्या कोर्टात करा. ॲपवाले म्हणतात आम्ही नुसते मध्यस्थ. वरून बिलात ७९९ रुपयांचा 'प्रोटेक्शन प्लॅन' लावलाय, तो मी मागितलाच नव्हता. अहो, फर्म म्हणजे मीच की! उद्यम नोंदणीला (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) नाव लागतं म्हणून दिलेलं. काज-बटणाला शेजारची एकजण येते, तेवढंच. आता सुरतला कुठं जाऊ ओ?

जुळे_सोलापूरकर
ताई, सोडा. इथल्या मेकॅनिककडून मोटर बदलून घ्या आणि ऑर्डर पूर्ण करा. तारखांना जाऊन चपला झिजतील.

टायपिंगवाला
मशीन कुणालाही उघडू देऊ नका! मी एका वकिलांकडे टायपिंगला आहे. ग्राहकांच्या तक्रारी रोज हाताखालून जातात. बाहेरच्या माणसानं स्क्रू फिरवला की समोरचा पहिलं तेच लिहितो, "मशीनशी छेडछाड केली". आधी एरर दिसतोय असा व्हिडिओ काढा, मशीनचा नंबर दिसेल असा.

आता 'ग्राहक नाही' याबद्दल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, हे खरं. पण तिथंच खाली स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. विक्रेते वरची ओळ वाचून दाखवतात, खालची गिळतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सांगितलंय, की स्वतः चालवायला मशीन घेतली आणि मदतीला एक-दोन माणसं असली, तरी माणूस ग्राहकच राहतो. गंमत म्हणजे तो खटला लक्ष्मी इंजिनिअरिंग हरली, कारण त्यांचा पसारा मोठा होता. म्हणून तक्रारीत पहिल्या पानावरच लिहा: मशीनवर मी स्वतः बसते, घर याच्यावर चालतं.

सुरतचं विसरा. जुन्या कायद्यात समोरचा जिथला, किंवा व्यवहार जिथं झाला, तिथं जावं लागायचं. नव्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणजे आपल्या सोलापुरातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील सक्तीचा नाही (आमच्या साहेबांना सांगू नका). जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे, त्यावर घरबसल्या दाखल होते.

ॲपलाही मोकळं सोडू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो. ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निपटारा. चॅटमध्ये भांडू नका, त्या अधिकाऱ्याला मेल करा. विक्रेता आणि ॲप दोघांनाही सामनेवाले करा.

७९९ चं कलम वेगळं घाला. आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला संमती धरता येत नाही, हे त्याच नियमांत आहे. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ॲपवर ग्राहकाला चकवायच्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक सूचनांत जे तेरा प्रकार आहेत, त्यातला हा एक, न विचारता टोपलीत माल टाकणं.

पंचा_टॉवेल
कायदा बरोबर सांगितलाय, पण फर्मच्या नावाचं बिल त्रास देणारच. आमचे सहा लूम आहेत, कामगार आहेत. आम्ही गेलो असतो तर पहिल्याच तारखेला हाच मुद्दा निघाला असता. ताईंचं वेगळं आहे, पण ते कागदावर दिसलं पाहिजे.

टायपिंगवाला
बरोबर. सहा लूम म्हणजे कठीणच. ताई, उद्यमचा कागद, बँकेचं पासबुक, शाळेच्या ऑर्डरची वही जोडा. एकटीचाच व्यवसाय आहे हे त्यातून दिसेल. आणि सीझनला बायका जास्त लावत असाल तर लपवू नका, उलटतपासणीत निघतंच.

सुईदोरा_अशोकचौक
सीझनलाही आम्ही दोघीच. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करू का आधी? आणि निकाल किती दिवसांत?

टायपिंगवाला
१९१५ ला जरूर करा, कधीकधी कंपनी तिथंच नमतं घेते आणि तक्रारीचा नंबरही मिळतो. पण ती हेल्पलाइन आहे, आदेश काढू शकत नाही. कायद्यात तीन महिने लिहिलेत, वस्तू तपासणीला पाठवायची असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त धरून चला, ह्या सीझनच्या भरवशावर बसू नका. दुसरी मशीन भाड्यानं मिळाली तर पावती घ्या, ते भाडंही नुकसानभरपाईत मागता येईल. दाखल करायला दोन वर्षं आहेत, पण मेल आजच टाका.

जुळे_सोलापूरकर
भाड्यानं मशीन पाहिजे तर मेसेज करा, मेव्हण्याची एक रिकामी आहे. पावती देईल.