मदत हवी आहे: ताईचं ग्रीन कार्ड अजून झालेलं नाही, बाळंतपणासाठी आईचा व्हिजिटर व्हिसा काढायचा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सोलापूरचे. मोठी बहीण न्यू जर्सीत असते. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) शिकायला गेली, मग ओपीटीवर (शिक्षणानंतर ठरावीक काळ नोकरीची परवानगी) नोकरी केली आणि तिकडेच लग्न झालं. दाजी अमेरिकन नागरिक आहेत. त्यांनी ताईसाठी आय-१३० (नातेवाइकासाठीचं पिटिशन) आणि त्याच्यासोबतच आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरलाय. बोटांचे ठसे देऊन झाले, मुलाखतीचं पत्र अजून आलेलं नाही. ओपीटी संपली आहे, त्यामुळे सध्या ती या अर्जाच्या आधारावरच तिथे राहते आहे.

मार्चमध्ये ताईची डिलिव्हरी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आईची फार इच्छा होती. पण ॲडव्हान्स पॅरोल (अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) मिळण्याआधी ताई अमेरिकेबाहेर पडली तर तिने आय-४८५ सोडून दिला असं धरतात. म्हणून ताईने इकडे येण्याऐवजी आईनेच तिकडे जायचं ठरलंय. आईचा हा पहिलाच परदेश प्रवास.

इथल्या एका एजंटाकडे गेलो होतो. तो म्हणाला, "मुलीची केस चालू आहे हे कुठे बोलू नका. फॉर्मवर फिरायला जातोय असं टाका, बाळंतपणाचं नाव काढलं की रिजेक्ट." मला हे अजिबात पटलेलं नाही. सख्खी मुलगी तिथे आहे हे लपवून आई व्हिसाच्या साहेबासमोर उभी राहणार कशी? तिला खोटं बोलायला लावणं मला जमणार नाही. तरीही मनात भीती आहेच, कारण आईला व्हिसा मिळाला नाही तर ताईजवळ त्या दिवसांत आपलं असं बाईमाणूस कुणी नाही. दाजींच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

बाबांची मंगळवेढ्याला शेती आहे. मालदांडी ज्वारीची सुगी नेमकी फेब्रुवारी-मार्चात येते, त्यामुळे ते या वेळी जाणार नाहीत. मी इथेच नोकरीला आहे आणि घरी त्यांच्यासोबतच राहतो.

आता मला अडलेल्या गोष्टी. डीएस-१६० मध्ये (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) अमेरिकेतल्या जवळच्या नातेवाइकाचं स्टेटस विचारतात, तिथे ताईचं काय लिहायचं? तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन (तिथे कायम राहण्यासाठीचा अर्ज) भरलंय का, या प्रश्नाला आईचं उत्तर काय? आईने एकटीनेच अर्ज करावा की बाबांचाही आताच करून टाकावा? आणि मुलाखतीला मुंबई बरी की हैदराबाद? हैदराबाद आम्हाला जवळ पडतं. आईच्या अर्जामुळे ताईच्या केसला काही धक्का लागणार असेल, तर तेही स्पष्ट सांगा. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

त्या एजंटाचा नाद सोडा. व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा खोटी सांगितली हे सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. उद्या ताई नागरिक झाल्यावर तिला आईचं ग्रीन कार्ड करावंसं वाटलं, तर हेच आडवं येईल.

पिटिशन ताईसाठी भरलंय, आईसाठी नाही, म्हणून तिथे 'नाही' हेच खरं उत्तर. ताईच्या स्टेटसला नागरिक, ग्रीन कार्डधारक, नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या व्हिसावर असलेला) आणि शेवटी 'अदर / आय डोन्ट नो' असे पर्याय असतात. ओपीटी संपली आहे आणि ग्रीन कार्ड आलेलं नाही, त्यामुळे शेवटचा पर्याय. समोर विचारलं तर आईने सरळ सांगावं, "जावई नागरिक आहेत, मुलीचं ग्रीन कार्ड व्हायचंय, मार्चमध्ये बाळ होणार आहे, म्हणून चाललेय." ताईची फाइल युएससीआयएसकडे (अमेरिकेतलं इमिग्रेशन खातं) आहे आणि आईचा अर्ज वकिलातीत. आईला नकार मिळाला तरी ताईची केस त्यामुळे अडत नाही.

नकार बहुतेक वेळा त्यांच्या कायद्याच्या कलम २१४(ब) खाली येतो. अर्जदार तिथेच राहील असं कायदा धरून चालतो आणि परत येणार हे आपण पटवायचं असतं. नवरा, मुलगा, घर, शेती इथे आहे, हे आईच्या बोलण्यात आपोआप यायला हवं. सातबारा, बाबांचे आयटीआर सोबत ठेवा, पण साहेब कागद बघेलच असं नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते.

एक गोष्ट मात्र आजच करा. फी भरून तारीख घ्या. गरोदर मुलीच्या मदतीला जायचंय या कारणावर तातडीची अपॉइंटमेंट देत नाहीत, त्यांच्या नियमांतच तसं लिहिलंय. फी माणशी १८५ डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही.

प्रतिसाद

मुंबईच घ्या. बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत मराठीत मुलाखत देता येते, माझ्या सासूबाईंनी दिली आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलात की सकाळी मुंबईत. बोटांचे ठसे आधी वेगळ्या दिवशी असतात, तेवढा मुक्काम धरा.

बाबा जाणार नसतील तर त्यांचा अर्ज आता नको. "तुम्ही कधी जाणार?" याला त्यांच्याकडे उत्तर नसेल. तसंच व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी राहायची मुदत विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. उतरल्यावर आय-९४ (प्रवेशाची आणि मुदतीची नोंद) ऑनलाइन काढून तारीख बघायची आणि त्याच्या आत परतायचं. आईंना बीपी-शुगर असेल तर विम्याची अट नीट वाचा, जुने आजार त्यात सहसा धरत नाहीत. डिंकाचे लाडू न्या, पण खाण्याचे पदार्थ कस्टम्सला सांगायचे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. मराठीत बोलता येईल म्हटल्यावर ती खूपच सावरली. बाबांचा अर्ज नंतर करू. आज रात्री डीएस-१६० भरायला बसतोय. एकच विचारायचं राहिलं: आईला शुगर आहे, गोळ्या रोज लागतात. सहा महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्यायच्या, तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप केलेली लागते की नेहमीची हाताने लिहिलेली चालते? कुणी नुकतंच नेलं असेल तर सांगा.